साम्य : चार टक्के

यंत्र म्हणालं, निर्धोक. चार टक्के.
हिरवा ठिपका. पुढचा प्रकल्प उघडा.
मी मात्र पान एक्केचाळीसवर अडलेली,
एप्रिलची दुपार, कूलरच्या टाकीत
पाणी संपल्याचा खरखराट.

"धोटा जातो, परत येतो.
दिवस जातो, येत नाही."

उत्कर्षा ढोके, बी.ए. अंतिम वर्ष.
बाकीच्या पानांवर
'सदर विषयाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे',
आणि मध्येच हे?

आली उन्हातून, तोंडाला दुपट्टा,
मुठीत स्कूटीची किल्ली.
"नेटवरून नाही घेतलं मॅडम, आईशप्पथ.
लायब्ररीत जुना प्रबंध पडून होता, टाईप केलेला.
नाव पाहू म्हटलं तर
पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं."

त्या पानावर माझं नाव होतं.

मी शिकवायचं ते शिकवलं.
अवतरणचिन्ह म्हणजे कुंपण नाही गं,
दुसऱ्याच्या घरात शिरताना
दाराशी काढलेल्या दोन चपला.
शब्द बदलून लिहिलंस
तरी घर त्याचंच राहतं.

तिनं ऐकलं. मग म्हणाली,
"प्रबंध तुमचा. मंग हे वाक्य तुमचंच नं?"

गोळीबार चौकामागची गल्ली.
खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेली बाई.
माझ्या टेपरेकॉर्डरचे सेल संपलेले,
म्हणून वहीत उतरवत होते.
"धोटा जाते, वापस येते.
दिस जाते बाई, येत नाही."
घरी येऊन मी तिची भाषा धुतली,
इस्त्री केली, जाते-चं जातो केलं,
आणि बाईला गल्लीतच ठेवलं.
सरांनी समासात लिहिलं : सुंदर निरीक्षण!
त्या एका उद्गारचिन्हावर
मी सत्तावीस वर्षं शिकवते आहे.

उत्कर्षाचे दोन गुण कापले. नियम आहे.
माझे किती कापायचे,
विचारायला खोलीत कोणी नव्हतं.

रात्री माळ्यावरची पेटी उतरवली.
वही सापडली, कडा पिवळ्या,
हळदीच्या डागासारखं एक नाव :
गिरजाबाई निनावे.
निनावे. इटवारी-पाचपावलीत
या आडनावाची कितीतरी दारं असतील;
मी तेवढं शब्दशः घेतलं.

आणि नावाखाली, पेन्सिलीत,
तिचं तिसरं वाक्य.
प्रबंधात बसत नव्हतं म्हणून गाळलेलं :
"अन् तू हे लिहून नेते,
ते येते का वापस?"

सोमवारी उत्कर्षानं पान नव्यानं आणलं.
तळटीपेत तिन्ही वाक्यं, जाते-येते तसंच ठेवून.
एक शब्द चुकला होता.
मी लाल पेन उचललं,
वहीतून पाहून दुरुस्त केलं,
आणि पहिल्यांदाच
दुसऱ्याच्या वाक्यापुढे
थोडी वाकून बसले.