मुठेवर मूठ

एकतीस वर्षं पीएमटीचं स्टिअरिंग धरलं.
पॉवर-बिवर काही नव्हती तेव्हा;
मंडईच्या कोपऱ्यावर बस वळवायची तर
खांद्यापासून नखापर्यंत सगळा माणूस लागायचा.
हात सैल पडला की चाळीस जीव,
एवढंच शिकलो, आणि पक्कं शिकलो.

आता खडकवासल्याच्या फुगवट्यावर
सकाळी साडेसहाला
एका फळीवर उभा आहे, गुडघे लटपटत,
आणि पोकळ्यांची तेजल, वय तेवीस,
काठावरून ओरडते आहे,
"काका, पॅडल पळून जात नाहीये!"

तिला तिकडून माझी मूठ दिसत नाही.
तिला दिसतात माझे कान,
खांद्यांना टेकलेले.

"वरच्या हाताची बोटं उघडा," म्हणते,
"तळव्यानं नुसतं ढकला, दार लोटतो तसं.
खालच्या हाताचा आकडा करा.
भरल्या बादलीची कडी काय आवळून धरता?
पातं आधी पुरतं बुडू दे, मग ओढा,
आणि हातानं नाही, कमरेनं.
तुम्ही पाण्याला ओरबाडताय, काका.
ते काय तुमचं देणं लागतं?"

दुसऱ्या आठवड्यात तळहाताला फोड.
बायकोनं व्हॅसलीनची डबी पुढे सरकवली.
"झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाली,
"तुमची उघडली, तर निघालं हे."

मग एका मंगळवारी फारच सैल सोडलं.
पॅडल गेलं.
ड्यूटी संपलेल्या कंडक्टरसारखं,
सावकाश, मागे न बघता.
पोटावर आडवा पडून, हातांनी पाणी मारत
मी ते गाठलं.
काठावर गळ टाकून बसलेल्या दोघांनी
टाळ्या वाजवल्या.

डिसेंबरात शर्यत. पन्नाशीपुढचे आम्ही पाच.
चार किलोमीटर, परतीला वारा तोंडावर.
पहिला किलोमीटर जुन्या सवयीनं आवळला,
कोपरापासून पुढे हात म्हणजे लाकूड.
बोयपाशी वळायला एक पाऊल मागे घेतलं,
टोक उचललं,
आणि पायाची बोटं आठवली,
बोर्डाला महिनोन्‌महिने चिकटून बसलेली.
ती सोडली.
मग जबडा.
मग करंगळी, मग तिच्या शेजारची.

बोर्ड पुढे गेला.
मी विशेष काही केलं नव्हतं.
पातं पाण्यात रोवलेलं होतं
आणि मी त्याच्यापाशी जात होतो.
थांबा कुठे हलतो जागचा?
बसच येते.

आणि या पाण्याचं नाव काय, तर मुठा.
जन्मभर तिचे पूल ओलांडले,
दिवसाला बारा-बारा फेऱ्या,
नावाकडे कान गेला नाही.
मूठ म्हणवणारी ही बाई
धरणाच्या दारांशी अडून बसते,
तरी खाली शहरासाठी
रोज थोडी थोडी सुटते.

चौथा आलो.
पाचव्याच्या पोटरीत गोळा आला होता.

परतीच्या बसमध्ये जागा नव्हती.
ड्रायव्हर नवा पोरगा, मिशीही नीट न फुटलेला,
नांदेड फाट्याचं वळण
एका हाताच्या तळव्यावर फिरवत होता.
एरवी ओरडलो असतो,
अरे, दोन्ही हात ठेव!

आज उभा राहिलो वरचा दांडा धरून.
दोन बोटांनी.