पान अडतीस

खवणेकरांना समुद्र लागायचा.
धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी पोटात ढवळायचं, म्हणे,
आणि रुद्रकेताला मात्र त्यांनी
एकवीस पुस्तकं गलबतावरून उतरू दिलं नाही.

दीड रुपयाची पुस्तकं. वर तलवार,
तलवारीहून रुंद छाती, मागे पेटलेलं बेट.
शाळेत मास्तर फाडायचे, पोरं खळीने चिकटवायची,
म्हणून वेंगुर्ल्यातल्या प्रती मूळच्यापेक्षा जाड.

मंडळात माणसं सात.
मला कुणी मोजत नसे, मी टायपिस्ट.
इनास फर्नांडिस, काजूच्या कारखान्यात मुकादम,
त्याच्याकडे अनुक्रमणिका:
कोण कुठल्या पुस्तकात मेला, कुठल्यात परत आला.
दाऊद मुजावर, एस.टी.चा कंडक्टर,
वेबिलाच्या पाठीवर बेटांचे नकाशे काढी.
आणि पांडू तांडेल, ज्याला वाचता येत नव्हतं,
ऐकून ऐकून वाद घालायचा:
"वारो समोरसून, नि ह्येचां गलबत भरल्या शिडान पुढे जाता?
माका दाखव, कसां तां."

सातव्या पुस्तकात रुद्रकेताची करंगळी तुटते,
नवव्यात त्याच करंगळीत अंगठी.
त्यावर दोन अंक निघाले.
इनास आणि दाऊद वर्षभर बोलले नाहीत,
मजकूर तेवढा माझ्या हातात देत राहिले,
एकमेकांविरुद्ध, सुवाच्य अक्षरात.

अंकाचं नाव 'नांगर'. सायक्लोस्टाइल, साठ प्रती.
स्टेन्सिलवर टाईप करताना रिबन काढून ठेवायची.
अक्षर दिसत नाही, मेणात फक्त ओरखडा.
ण मारला की त्याचं पोट फाटायचं,
शाई भरून प्रत्येक ण काळा गोळा.
चुकलं तर गुलाबी थेंब, वर फुंकर,
आणि खाऱ्या हवेत तो थेंब वाळता वाळायचा नाही.

अकराव्या अंकाला खवणेकरांनी
न छापलेलं प्रकरण पाठवलं, हाताने लिहिलेलं.
गठ्ठा कपाटात राहिला.
पान अडतीस वाळवीने मधोमध खाल्लं.
वर: रुद्रकेताने सुकाणू सोडलं.
खाली: आणि ते बेट पुन्हा दिसलं नाही.
मध्ये तळहाताएवढं भोक,
भोकातून इन्स्टिट्यूटचं टेबल.

उद्या छपाई. मंडळ चहाला गेलेलं.
मी रिबन काढली.

त्याला पहिल्यांदाच वाटलं, हा समुद्र आपल्यासाठी नाही.
तो आधीपासून आहे, कुणाच्या शौर्यासाठी न थांबता.
किनाऱ्यावर कुणी बाई जाळं सांधत बसली असेल
तर तिला रुद्रकेत हे नावही ठाऊक नसेल.

एवढंच. भोक भरलं.

दाऊदने त्या ओळी पाठ केल्या,
शिरोड्याच्या शेवटच्या गाडीत, घंटी मारण्याआधी म्हणायचा.
इनासने त्याला थांबवून पुन्हा म्हणायला लावल्या,
आणि असे ते दोघे बोलू लागले.
पांडू तांडेल बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला,
"ह्यां खरां."

महिन्याने कार्ड आलं.
'अंक पोचला. पान अडतीस उत्तम.
मी कधी लिहिलं ते आठवत नाही.
टायपिस्टला नमस्कार. ता. क. ण सुधारा.'
संपादक तुळसकरांनी मोठ्याने वाचलं,
ता. क. वर सगळे हसले, मीही.

खवणेकर गेले त्या वर्षी बाविसावं निघालं, शेवटचं.
त्यात एकशे चार पानावर रुद्रकेत उतरतो,
गुडघाभर पाण्यातून चालत वाळूवर येतो.
तिथे एक बाई. जाळं. सुतळी दातात धरलेली.
तो पाणी मागतो.
ती विचारते, कोण रे तू?
पुढल्या पानावर लढाई सुरू होते, ती पुन्हा येत नाही.

इनासच्या अनुक्रमणिकेत मी शोधलं.
तिची नोंद नाही.
मेलेली नाही, परत आलेली नाही, म्हणून.