कारणाचा रकाना

होमा बेच्या धक्क्यावर मासळी-खात्याची एक खोली,
ऊन चढलं की वरचा पत्रा टकटक बोलतो.
टेबलावर पितळेची पट्टी, पाच इंच.
जाळ्याच्या डोळ्यात ती शिरली तर जाळं परत,
नाही शिरली तर रॉकेल.

एवढंच असतं तर मला झोप लागली असती.
पण कलमाच्या शेवटी कुणीतरी, राजधानीत,
बहुधा दुपारचं जेवून आल्यावर,
‘जाळील’ खोडून ‘जाळू शकेल’ लिहिलं.
त्या ‘शकेल’मधून माणसं आत येतात,
ओल्या पायांनी.

आमच्या बाई, पर्पेचुआ अवुओर,
एकोणीस वर्षं त्या एका शब्दावर बसल्या,
कोंबडी अंड्यांवर बसते तशा,
कुणाला हात लावू न देता.
मी त्यांचा कारकून. वही माझ्याकडे,
शेवटचा रकाना मात्र त्या स्वतः भरत.
रकाना बोटभर रुंद. वर छापलेलं: कारण.

‘नवरा इस्पितळात. एकदाच.’
‘जाळं उसनं. देणाऱ्याला बोलवा.’
‘खोटं बोलतो, भूक खरी.’
आणि एका पावसाळी तारखेला:
‘कारण नाही. तरी जाळलं नाही. चूक माझी.’

कधी सकाळी दाराच्या कडीला पिशवी टांगलेली,
आत दोन किलोंचा म्बुटा, कल्ले अजून हलणारे.
बाई पिशवीसकट तराजूत टाकत,
वजन वहीत मांडत,
आणि धक्क्यावर जाऊन मोठ्यानं विचारत,
हा कुणाचा विसरला?

तारतम्य म्हणतात त्याला.
पण ‘तर’ कुठे संपतो, ‘तम’ कुठे लागतो,
हे पट्टीवर कोरलेलं नसतं.

मग एकदा त्यांचा सख्खा भाचा आला, ओलुओच.
साडेचार इंच. पहिलीच खेप.
बाईंनी पट्टी दोनदा लावली, तिसऱ्यांदा लावली,
आणि मला म्हणाल्या, डबा आण.
त्याच दुपारी, त्याच मापाचं,
रुसिंगाच्या एका परक्या पोराचं जाळं त्यांनी सोडलं.
ओलुओच राखेपाशी उभा होता.
‘त्याला सोडलंत. मला का नाही?’
बाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.
लागलेलंच होतं, पुन्हा लावलं.

त्या गेल्यावर खुर्ची माझी झाली.
मी ठरवलं, आपल्याला बाईंसारखं जमायचं नाही,
आपण यादी करू.
विधवा असेल तर सोडा, पहिली वेळ असेल तर सोडा,
घरी आजारी असेल तर अर्धा दंड.
यादी भिंतीवर लावली.
महिन्याभरात अख्खा किनारा विधवा झाला.
ओन्यांगोची बायको तर नवऱ्यालाच सोबत घेऊन आली,
तो बाहेर सायकल धरून उभा.
यादी काढली. भिंतीवर चौकोन राहिला, जरा उजळ.

आता नैरोबीहून एक यंत्र आलंय, काचेचं.
त्यात सहा कारणं, बोटानं निवडायची.
सातवं नाही.
मी ते चार्जिंगला लावतो आणि वही उघडतो,
किती दिवस चालेल ठाऊक नाही.

काल ओलुओच आला. केस पिकलेत कानांपाशी.
जाळं टेबलावर टाकलं, पट्टी स्वतःच उचलली,
स्वतःच घातली.
शिरली. सहज, वर जागा ठेवून.
‘जा,’ मी म्हणालो.
गेला नाही.
‘लिहा काहीतरी.’
बरोबर असलं की कारण लिहायचं नसतं, सांगितलं त्याला.
‘मग तेव्हा काय लिहिलं होतं?’

कपाटातून जुनी वही काढली,
वाळवीनं कडा खाल्लेली,
आणि ते पान त्याच्यापुढे ठेवलं.
नाव, तारीख, साडेचार, जाळलं.
शेवटच्या रकान्यात, बाईंच्या बारीक अक्षरात,
‘माझा भाचा.’

दोनच शब्द.
तो बराच वेळ वाचत राहिला.