कापितो

पक्षाघातानंतर सतराव्या दिवशी
तुझ्या तोंडून पहिला शब्द आला: कापितो.
करावे गावात असं कुणी बोलत नाही.
कापतो म्हणतात. कापितो म्हणजे पोथीतलं.
मला वाटलं, बोटीवरचा भंडारी जागा झाला.
मी पाट, सुरी, लाल माठाची जुडी
पुढ्यात आणून ठेवली.
तू सुरीकडे बघितलंससुद्धा नाहीस.

स्पीच थेरपीवाली शलाका म्हणाली,
काका कुठल्या बोटीवर होते?
अकरा वर्षं, जेनोवाच्या.
तेव्हा कळलं, मराठी तळाला गेली
आणि हे सामान तरंगत वर आलं.

मग वाशीला, सेक्टर सतरा, झेरॉक्सच्या दुकानावर
इटालियनच्या वर्गात जाऊन बसले
अठ्ठावन्नाव्या वर्षी, पोरापोरींत.
बाईंनी शब्द फोडून दाखवला,
सुरमईचे तुकडे करावेत तसा:
का. पि. तो.
पहिल्यावर जोर: मी अवचित येऊन टपकतो.
मधल्यावर: समजलं.
शेवटच्यावर: घडलं.
अक्षरं तीच. आघात हलला
की माणूस बदलतो, काळ बदलतो.

आघात.
लिहिताना पेन थांबलं.
तुझ्या फायलीतही हाच शब्द आहे.

पार्लानो, ते बोलतात.
मी मधल्या ला वर आपटते, रोज.
बाई म्हणतात, पार् वर चढा,
बाकीचं उतारावर सोडून द्या.
तेलेफोनानो, ते फोन करतात:
ले वर एकदा टेकायचं,
मागची तीन अक्षरं बिनवजनाची धावतात.
तू महिन्यातून एकदा करायचास, बंदरावरून,
नाणी संपेपर्यंत.
त्यातला अर्धा वेळ हॅलोतच जायचा.

आता पाम बीचकडच्या खिडकीत तुझी खुर्ची.
मी कान नेते तुझ्या उजव्या,
न उचलणाऱ्या ओठाशी.
तिन्ही अक्षरं सारखी, सपाट,
आपल्या भरून टाकलेल्या मिठागरासारखी.
येतोयस?
समजलंय?
की घडलं ते सांगतोयस?
शलाका म्हणते, घाई नका करू.
बाई म्हणतात, जोर कळल्याशिवाय अर्थ लावू नका.
दोघींचं पटतं. दोघींची फी भरते.

काल खाडीवरून वारा होता,
विळीवर भेंडी.
तू म्हणालास, कापितो.
काप, मी म्हटलं.
तू हसलास,
किंवा ओठ नुसताच एका बाजूला गेला.