नियम अकरा

एकशे बारा घरं कापली.
प्लायवूड म्हणजे नुकूसच्या बाजारात मिळालेली
एका मोडक्या कपाटाची पाठ.
करवत मामाची, बोटाला पट्टी माझी.
प्रत्येक घराची एक बाजू निळी,
दुसरीवर डिंक आणि भुरभुरलेलं मीठ.
खरं मीठ. मोयनाकच्या बंदरातून डबा भरून आणलेलं,
जिथे गंजक्या जहाजांच्या सावलीत
गाई रवंथ करत बसतात.

आयतमुरात सर म्हणाले होते,
आधी अभ्यास, सोंगट्या मागाहून.
म्हणून चार शुक्रवार संग्रहालयात,
कुठल्या साली किनारा कुठे होता ते वहीत उतरवत.
रेघ काढायची, खोडायची, थोडी उत्तरेला पुन्हा काढायची.
आठव्या पानावर कागदच फाटला.
ते पान मी तसंच जोडलं प्रकल्पाला.

फासा: मेंढीच्या घोट्याचं हाड.
होड्या: बंद पडलेल्या कारखान्यातली
माशांच्या डब्यांची झाकणं, कडा घासून.
दर फेरीला काठची तीन घरं उलटायची.
ज्याची होडी शेवटपर्यंत पाण्यात, तो जिंकला.
दहा नियम. एका पानात मावले.
मला वाटलं, झालं.

पहिला डाव तेंगेलबाय आजोबांशी.
एके काळी ते बोटीवर इंजिन सांभाळायचे.
नियमांचं पान त्यांनी चहाच्या पेल्याखाली ठेवलं.
तिसऱ्या फेरीत त्यांच्या होडीखालचं पाणी गेलं.
मी म्हटलं, आजोबा, तुम्ही बाद.
ते हलले नाहीत.
मग त्यांनी बोटाच्या नखाने
मिठाच्या घरावर एक चर ओढला,
होडीपासून निळ्यापर्यंत, खरवडून खरवडून.
मी म्हटलं, असं नाही चालत, हा रडीचा डाव झाला.

म्हणाले, आम्ही कालवा खणला होता, पोरी.
तीन उन्हाळे. पाणी पुढे, आम्ही मागे.
तुझ्या कागदात तो कुठे आहे?

माझ्या कागदात तो होता.
पान चौदा, एक ओळ, कंसात लांबी.

घरी येऊन नियम वाढवला.
अकरा: फासा न टाकता एक घर कालवा खणता येईल.
मग खेळून पाहिलं, मैत्रिणींशी, वसतिगृहाच्या जेवणघरात,
सतरा डाव, प्रत्येकाची नोंद.
कालवा खणून एकही जण जिंकला नाही.
खणणारा दोन फेऱ्या जास्त टिकतो, एवढंच.
सरांनी तक्ता पाहिला,
लाल पेनाने अकरावर काट मारली:
ज्या नियमाने निकाल बदलत नाही,
तो नियम नव्हे, अडगळ.

सर बरोबर आहेत.
पण तक्त्यात अजून एक रकाना होता,
तो मी त्यांना दाखवला नव्हता, कारण तेव्हा
मलाच तो नीट वाचता आला नव्हता:
सतरा डाव, एकावन्न खेळाडू,
आणि खणलं एकावन्न जणांनी.
हिशेबात पक्की असलेल्या बिबिगुलने सुद्धा,
जी आधीच म्हणाली होती, यात काही अर्थ नाही.

गुरुवारी सादरीकरण.
खोक्यावर लिहायचं राहिलंय: खेळाडू दोन ते चार,
वय सातपासून पुढे, वेळ चाळीस मिनिटं.
अकरा ठेवलाय. गुण कापले तर कापोत.

धाकटा पाराखात आठ वर्षांचा,
समुद्र त्याने फक्त फोनवर पाहिलाय.
त्याला होडी नकोच असते.
तू चालव, म्हणतो, मी नुसता खणतो.
जीभ दाताखाली धरून घरामागून घर ओढतो,
नखात मीठ जातं, चाटून टाकतो, तोंड वाकडं करतो.
शेवटचं निळं घर मी उलटते.
तो पटाकडे बघत राहतो क्षणभर,
मग दोन्ही हातांनी सगळं गोळा करून
माझ्याकडे ढकलतो.

पुन्हा मांड, म्हणतो.
सगळं पाणी मांड.