पन्हा

वूच शहर, चौथा मजला.
नवा मॉनिटर टेबलाला पुरून उरला.
बोगुमिवा आत्यानं तो विती टाकत मोजला;
अठ्ठावीस वर्षं मागावर काढलेली ती:
"पन्हा मोठा घेतलास. माग जुनाच ना?"

माग म्हणजे माझं ग्राफिक्स कार्ड,
नऊ वर्षांचं, एका पंख्याला खोकला.

मी आकडे वाचले:
उभ्या ओळी चौतीसशे चाळीस,
आडव्या चौदाशे चाळीस.
"म्हणजे ताणा आणि बाणा.
धोट्याचे फेरे किती?"
सेकंदाला साठ हवेत.
जुन्या केबलनं तीसच दिले,
माउसचा बाण ठेचकाळत चालला.

मी पावती शोधू लागलो, परत करायला.
ती टॉर्च घेऊन डब्यामागे वाकली.
"हे भोक कुणी बुजवलंय?"

रबरी टोपण. दुकानातून आलं तेव्हापासूनचं.

दुसरी केबल शेजारच्या क्सावेरीकडून आणली.
साठ.
खोकला मात्र वाढला.
जड खेळ नाही चालणार, मी म्हटलं.

तिनं खुर्ची पुढे ओढली.
"साधं सुती विणेल ना? मग झालं.
गिरणी बंद झाली तेव्हा
माझा माग अगदी धड होता."