भांग

मंगळवारी अकराला, बर्फाच्या कारखान्यामागे,
पालथ्या होडीला टेकून बसते.
हर्णैच्या बंदरात मला रेंज मिळते ती एवढीच.
कानात भाचीचे इयरफोन,
मोबाइलात यवतमाळच्या मृण्मयी गेडाम,
वयाने माझ्या धाकट्याएवढ्या, पाठीमागे एक लोखंडी कपाट.

पहिल्या दिवशी नऊ प्रश्न विचारले.
गेल्या दोन आठवड्यांत
उदास वाटलं? झोप? भूक? आपण कुणाच्या कामाचे नाही असं?
उत्तरंही त्यांच्याकडेच तयार:
अजिबात नाही, काही दिवस,
अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.

म्हटलं, मॅडम, आमच्याकडे दोन आठवडे म्हणजे
एक उधाण, एक भांग.
भांग म्हणजे?
समुद्र न पाहिलेल्या माणसाला काय सांगायचं.
म्हटलं, पाणी येतं, पण मनापासून येत नाही.
जातं, पण लांब जात नाही.
होडी धड तरंगत नाही, धड रुतत नाही.

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.
मग चेहरा अडकला, एक डोळा अर्धा मिटलेला,
आणि मी त्या डोळ्याशी बोलत राहिले
गळाबद्दल.

टाचेत गळ रुतलेला, सुरमईचा,
दुपारभर तसाच घेऊन फिरले.
उंबऱ्यावर रक्त दिसलं तर वाटलं, मांजराने मासळी ओढली.
डॉक्टर ओरडले: साखर, पाय, चप्पल.
घरचे ओरडले: भात, चहा, साखर.
मी गप्प. टाचेचं काही वाटलं नव्हतंच.
कशाचंच वाटत नव्हतं.
भाऊ गेला त्या संध्याकाळीही
मी लिलावात पापलेटाचा आकडा चढवत होते,
आवाज जरासुद्धा न हलता.

हॅलो? हॅलो, सुगंधाताई?
मधलं ऐकू नाही आलं. परत सांगाल?

दुसऱ्यांदा सांगायला जास्त पडलं.

आता साखरेच्या वहीत आकड्यासमोर
रोज एक केलेली गोष्ट लिहायची.
सोमवार. २१४. काही नाही.
मंगळवार. १९८. तुम्हाला फोन केला. चालेल का?
बुधवार. १८०. इंजेक्शन वेळेवर. अंगण झाडलं, अर्धंच.
शुक्रवार. २३१. फणसाचे चार गरे खाल्ले. बरे होते.
रविवार कोरा.

रविवारी काय झालं?
मी सांगायला जाते, तर त्याच म्हणतात,
तिथी काय होती?
सप्तमी.
हं, म्हणतात, आणि पुढचं काही विचारत नाहीत.
कपाटाच्या दारावर आमची दोघींची शांतता
बराच वेळ दिसत राहते.
कारखान्यात बर्फाची लादी घसरते.

आज अष्टमी. १७२.
आरसा पुसला.
केस विंचरले.
भांग पाडला, जरा वाकडाच.